जोडीनं बसणारं गाव

गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथे जो प्रकार घडला त्यानंतर मिरजगावच्या एका पाहुण्यांनी मला तशी शपथच घातली आहे. एवढं सांगते की गाव नेवासे तालुक्यात आहे, प्रवरेच्या काठाला आहे, आणि जानेवारीत तिथे गेलात तर हुरडा खाऊन खाऊन पोट बिघडण्याची शक्यता बरीच आहे. माझं बिघडलं होतं.

मी मूळची देवगडची. मुंबईला चित्रकलेचं एम.एफ.ए. करत होते आणि शेवटच्या वर्षाला येऊन अडकले होते. शेवटच्या प्रदर्शनासाठी सहा व्यक्तिचित्रं करायची होती. डिसेंबरात आमच्या मार्गदर्शक मॅडम माझ्या चित्रांसमोर उभ्या राहिल्या, हातातला चहा सगळा संपवला आणि म्हणाल्या, "माणसं छान काढतेस. पण ही माणसं राहतात कुठे गं? सगळी नुसती स्टुडिओत आल्यासारखी वाटतात." म्हणजे सहाच्या सहा नव्याने करायची. नाही जमलं तर आणखी एक वर्ष. आणि आणखी एक वर्ष हे शब्द आमच्या बाबांसमोर उच्चारायची सोय नव्हती. त्यांनी गावातल्या शाळेत चित्रकलेच्या शिक्षिकेची जागा माझ्यासाठी हेरून ठेवली होती. एप्रिलमध्ये डिग्री घेऊन यायचं, नाहीतर डिग्रीशिवाय यायचं, पण यायचं, असा त्यांचा निरोप होता.

तेव्हा माझी खोलीतली मैत्रीण सुवार्ता म्हणाली, "आमच्या गावाला जा. पप्पा एकटेच असतात, त्यांना सोबत होईल. आणि चेहरे म्हणशील तर आमच्याकडे एकेक असा आहे की बघत राहशील." सुवार्ता शिल्पकलेला आहे. तिचं स्वतःचं ओतकाम अर्ध्यावर होतं म्हणून ती आली नाही. मी कॅनव्हासची गुंडाळी, लाकडी पट्ट्यांचा भारा आणि तैलरंगांची पेटी घेऊन निघाले.

नेवासा फाटा

फाट्यावर मला घ्यायला सुवार्ताचे वडील शांतवन सर आले होते. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, उंच, सावकाश बोलणारे. सोबत त्यांचे शेजारी दगडूतात्या आपला छोटा हत्ती टेम्पो घेऊन हजर होते. तात्यांनी माझ्या पट्ट्यांच्या भाऱ्याकडे बघून पहिलाच प्रश्न टाकला, "ह्या काड्या कशाच्या गं पोरी? तंबू ठोकायचा हाय व्हय?"

मी म्हटलं, चित्रं काढायची आहेत, माणसांची.

"मानसांची? मंग आमची काढ की. आमी बी मानसंच हाय."

मला तर देवच पावला. फाट्यावर उतरून दहा मिनिटं झाली नाहीत तोवर पहिलं माणूस स्वतःहून तयार.

आमच्याकडे कुठेही उभं राहा, समोर एकतर डोंगर येतो नाहीतर कुणाच्या तरी कलमांचं कुंपण. इथे नजर निघाली की निघालीच. ऊस, कांदा, ज्वारी, पुन्हा ऊस, आणि वर नुसतं आभाळ. मधून उसाच्या ट्रॉल्या मोठ्यानं गाणी लावून कारखान्याकडे चाललेल्या. मला ते इतकं आवडलं की मी गाडीतूनच ओरडले, "केवढं मोकळं आहे!" तात्या म्हणाले, "मोकळं हाय, पर दिस मावळल्यावर उसाच्या कडंनं फिरू नको. बिबट्या असतो." त्यानंतर पहिले काही दिवस मी संध्याकाळी प्रत्येक कालवडीला घाबरत होते.

सरांचं घर गावाच्या ख्रिस्ती आळीत. नाताळ होऊन बरेच दिवस झाले होते तरी दारोदार कागदी चांदण्या लटकत होत्या, आणि फराळाचे डबेही अजून रिकामे झाले नव्हते. करंज्या, शंकरपाळे, चकल्या. आमच्या दिवाळीचाच फराळ, फक्त महिना वेगळा. सरांच्या पत्नी, आशाताई, चार वर्षांपूर्वी वारल्या. त्याही शिक्षिका होत्या. बाहेरच्या खोलीत त्यांचा मोठा फोटो होता, चष्मा लावलेला, वर्गात कुणीतरी बोलत असल्यासारखा बघणारा. सर स्वयंपाक जेमतेम करतात, पण शेजारून तात्यांच्या घरातून रोज काही ना काही येतंच. पहिल्या रात्री हुलग्याचे शेंगोळे आले. भातावर वाढलेल्या माणसाला शेंगोळे म्हणजे काय ते सांगणं अवघड आहे. हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या कड्या, लसूण-मिरचीच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेल्या. नाकातून पाणी आलं, पण ताटली मी दोनदा भरून घेतली.

तात्यांची ओसरी

दुसऱ्याच दिवशी तात्यांच्या ओसरीवर काम सुरू केलं. चार फुटी कॅनव्हास, त्यावर तात्या जवळजवळ खऱ्या माणसाएवढे. ते खुर्चीत डाव्या बाजूला बसलेले आणि उजवीकडची सगळी जागा मी मोकळी सोडलेली. अशा मोकळ्या जागेबद्दल पहिल्या वर्षी मी एक लांबलचक निबंध लिहिला होता आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

तात्या बसायला उत्तम, अडचण फक्त मोबाईलची. कांद्याचा भाव काय निघाला, मजूर कधी येणार, मोटार का जळाली. दर दोन मिनिटांनी मान वळायची. शेवटी मी म्हटलं, "तात्या, चित्र होईपर्यंत फोन बंद." त्यांच्या बायकोनं, तुळसाकाकूंनी, तो हातातून काढून घेतला आणि तूरडाळीच्या डब्यात टाकून दिला. "लई बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, "आठ दिस झाले ताप येऊन गेला, तरी फोन काय सुटत न्हाई." काकूंचा स्वतःचा फोन मुलानं दुरुस्तीला पुण्याला नेलेला होता. म्हणजे घरातले दोन्ही फोन गप्प. मला काय ठाऊक, याचा पुढे काय गोंधळ होणार आहे!

दोन दिवसांत चित्र उभं राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा हात फिरवायला गेले तेव्हा ते ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवलं होतं. वर तात्यांच्या वडिलांचा आणि थोरल्या भावाचा फोटो, दोघांनाही हार. काकूंनी रोजच्याप्रमाणे सासऱ्यांच्या फोटोखालच्या फळीवर उदबत्ती लावली होती आणि तिचा धूर तात्यांच्या चित्रावरून सावकाश वर चालला होता. मला तर तो फार सुंदर वाटला. मी हरखून बघत उभी होते.

इतक्यात अंगणात मोटारसायकल थांबली. काकूंचे भाऊ, मिरजगावचे नामदेवमामा. दोन दिवस फोन लावून लावून लागेना, मेहुण्यांना तर ताप येऊन गेलेला, म्हणून भल्या सकाळी एवढ्या लांबून निघून आलेले. ते ओसरीची पायरी चढले, समोर बघितलं, आणि डोक्यावरची टोपी काढून मटकन खालीच बसले.

"दाजी! आवो दाजी, असं कसं हो केलं!" त्यांनी जो हंबरडा फोडला तो गल्लीच्या टोकाला ऐकू गेला असेल. "आक्का, सख्ख्या भावाला एक फोन बी केला न्हाई गं! माती तरी द्यायला आलो असतो की!"

मी त्यांना सांगायला तोंड उघडलं, पण त्यांचा आवाज माझ्यापेक्षा फार मोठा होता. तेवढ्यात मागच्या न्हाणीतून, अंगाला साबण तसाच, कमरेला टॉवेल, असे तात्या धावत बाहेर आले.

"कोन रडतंय रं सकाळी सकाळी? कोन गेलं?"

मामांनी वर बघितलं, चित्राकडे बघितलं, परत वर बघितलं.

"तुमीच की!"

मला हसू आवरेना. तात्यांनाही आवरेना. मामा मात्र असे संतापले की बराच वेळ चहाच घेईनात. नंतर मात्र तीन भाकऱ्या, पिठलं आणि वाटीभर ठेचा खाऊन मगच त्यांनी मला शपथ घातली. ती कोणती, ते सुरुवातीलाच सांगितलं.

तोवर रडणं ऐकून बातमी गावभर झाली होती. दुपारपर्यंत चार-पाच माणसं तोंडं पाडून येऊन गेली, आणि तात्यांनी प्रत्येकाला दारात उभं राहून, "हाय, हाय, अजून हाय," असं सांगितलं. एकट्या तुळसाकाकू हसल्या नाहीत. त्यांनी चित्र उचललं, तोंड भिंतीकडे करून ठेवलं आणि त्या आत निघून गेल्या.

सरांची समजूत आणि माझी पंचाईत

दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे कुणी बसेना. गिरणीवाले म्हणाले सवड नाही. ज्यांनी स्वतःहून कबूल केलं होतं, त्या दोघी जावा रस्ता बदलून गेल्या. मी सरांच्या घरी पाच कोऱ्या कॅनव्हाससमोर बसून होते आणि मला बाबांची ती शाळा स्पष्ट दिसत होती, फळा, खडू, "काढा मुलांनो आंबा."

मी सरांवरच चिडले. म्हटलं, एवढं काय झालं? गैरसमज होता, मिटला.

सर म्हणाले, "तुझ्या घरी माणसाचा एकट्याचा एवढा मोठा फोटो भिंतीवर कधी लागतो?"

मला आमचं घर आठवलं. आमच्याही ओटीवर आजोबांचा आहे, हार घातलेला. जिवंत माणसांचे फोटो आमच्याकडेही असतात, पण ते लहान, घोळक्यातले, लग्नातले, कपाटाच्या काचेला खोचलेले. पाच-सहा वर्षं कॉलेजात मोठाली व्यक्तिचित्रं काढता काढता मी हे साफ विसरले होते. मला फार वाईट वाटलं, आणि तुळसाकाकूंसमोर जायची हिंमतच होईना.

मला जरा बरं वाटावं म्हणून सर दुपारी नेवाशाला घेऊन गेले. ज्ञानेश्वर ज्या खांबाला टेकून बसत असं म्हणतात, त्या खांबाच्या दर्शनाला. लोक रांगेनं येतात आणि त्या दगडी खांबाला मिठी मारतात. ख्रिस्ती शांतवन सरांनीही हात जोडले. "शाळेच्या सहली घेऊन किती वेळा आलोय इथे," ते म्हणाले. मी मिठी मारून घेतली, आणि खरं सांगायचं तर सहा चित्रं होऊ देत असं मागूनही घेतलं.

चित्रात जागा

त्यानंतर एका सकाळी तुळसाकाकू आमच्या दारात आल्या. डोक्यावरून पदर, हातात तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप.

"त्या चितरात माझ्यापुरती जागा हाय का?"

मला आधी कळलंच नाही.

"उजव्या अंगाला मोकळं हाय ना? मी बघितलंय. एकटं मानूस येवढं मोठं भितीवर गेलं की ते परत खाली येत न्हाई, बाई. मी बसते शेजारी. मंग कुनी हात जोडनार न्हाई."

माझ्या निबंधातली ती सगळी मोकळी जागा मी त्या क्षणी देऊन टाकली.

पुन्हा ओसरी, पुन्हा तात्या, आणि शेजारी खाली चवड्यावर बसून शेंगा सोलणाऱ्या काकू. दोघं असे जोडीनं लग्नानंतर पहिल्यांदाच बसत होते, त्यामुळे पहिला अर्धा तास दोघेही पुतळे. मग काकूंना विहिरीची मोटार आठवली.

"चांगल्या मिस्तरीला दिली असती तं जळली नसती."

"तुझ्याच भावानं सांगितला हुता त्यो मिस्तरी."

"माझ्या भावाचं नाव घेऊ नका. तो तुमच्यासाठी रडत आल्ता. तुमचा कोन आला?"

तात्या हसले. खाली मान घालून, तिच्याकडे न बघता, मिशीतल्या मिशीत हसले. मी त्यांचा आधीचा चेहरा पुसून टाकला आणि हा काढला. त्या एका दुपारी मला मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तात्या राहतात कुठे, तर ते काकूंच्या बोलण्यात राहतात. मला इतका आनंद झाला की मी ब्रश धुवायलाही विसरले आणि चांगला ब्रश वाया गेला.

चित्र बघायला सगळी गल्ली आली. कुणी हात जोडले नाहीत. उलट एका म्हातारीनं काकूंना विचारलं, "शेंगा नीट आल्यात गं, कुठल्या रानातल्या?" आणि मग नियम ठरूनच गेला. चित्राला बसायचं तर जोडीनं. एकट्यानं नाही, आणि तिघांनी तर मुळीच नाही, कारण तिघांचा फोटो इथेही अशुभ आणि आमच्याकडेही.

एक सासू-सून आल्या. दोघींनी एकमेकींना न सांगता एकाच रंगाची पैठणी नेसली होती आणि दोघीही त्यावरून शेवटपर्यंत फुगून बसल्या. आधी रस्ता बदलून गेलेल्या त्या दोघी जावा आल्या. बांधावरून भांडण असलेल्या दोन भावांना त्यांच्या बायकांनी ढकलत आणून एका बाजेवर बसवलं. एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. मी तसंच काढलं, आणि दोघांनाही ते पसंत पडलं, कारण कुणालाच दुसऱ्याकडे बघावं लागत नव्हतं. धोंडाबाईंना कुणी नव्हतं, त्या आपली शेळी घेऊन आल्या. "ही हाय की माझी जोडी," म्हणाल्या. शेळीनं माझी कोळशाची कांडी खाल्ली आणि त्यानंतर अगदी शहाण्यासारखी बसली.

अशी पाच चित्रं झाली. मध्ये हुरडा पार्टीत मी अति खाल्लं आणि दोन दिवस अंथरुणात काढले. तुळसाकाकूंनी ओवा आणि बोलणी दोन्ही भरपूर दिली.

सरांची भिंत

सहावं कुणाचं, हे मी मनात ठरवूनच टाकलं होतं. शांतवन सरांनी सगळ्या गावाला माझ्यासमोर बसताना बघितलं, पण स्वतः काही बसले नव्हते. निघायच्या आधी मी विचारलं, "सर, तुम्ही बसता का? तात्या म्हणतात ते तुमच्या जोडीला बसतील."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"बसतो. पण मला एकट्यालाच काढ."

मी म्हटलं, "सर, तुम्हीच तर मला सांगितलंत..."

"म्हणूनच सांगतोय. माझी जोडी आधीच भिंतीवर गेलीये." ते आशाताईंच्या फोटोकडे न बघताच बोलले. "तिचा फोटो लावला तेव्हा सुवार्तानं घाईघाईत मोबाईलमधला मोठा करून आणला होता. अंधूक आहे. माझ्या वेळेला तिला तशी धावपळ नको. तेवढ्याच मापाचं काढ. आणि चांगलं काढ, मला काही घाई नाही."

हे सगळं ते अशा आवाजात बोलत होते की जणू सहलीचा बेत सांगताहेत. मला रडू येत होतं आणि त्यांना ते दिसत होतं. त्यांनी मला वर्गातल्या मुलीसारखं आधी नाक पुसून यायला सांगितलं.

मग ते नवा निळा स्वेटर घालून खिडकीजवळ बसले. दोन दिवस मी त्यांना काढलं. ते गप्प बसणारं माणूस, पण मधेच एखादं वाक्य बोलायचे. आशाताईंना अंकगणिताचा राग होता. आशाताई सायकलवरून शाळेत जाणारी गावातली पहिली बाई. एवढं बोलून पुन्हा खिडकीबाहेर बघायचे. मी चित्रात त्यांच्या मागे काहीही काढलं नाही, नुसती चुन्याची भिंत आणि उन्हाची तिरीप. चित्र लहान होतं, दीड फुटाचं. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं चित्र आहे, हे मला ते करतानाच कळत होतं.

पूर्ण झाल्यावर सरांनी हातोडी काढली. आशाताईंच्या फोटोच्या शेजारी माप घेऊन स्वतःच एक खिळा ठोकला, ओलं चित्र अलगद कडेनं धरून टांगलं आणि चार पावलं मागे जाऊन बघितलं. तात्या आणि काकू दारात उभे होते. 

"बसतंय," सर म्हणाले, आणि चित्र काढून माझ्या हातात दिलं. "आता घेऊन जा. तुझी परीक्षा होऊ दे."

मुंबई

सहाही चित्रं तात्यांच्या ओळखीनं कांद्याच्या टेम्पोतून वाशीपर्यंत आली. दोन भावांच्या चित्राला बाजेच्या जागी कांद्याची सालं चिकटली होती. ती मी तशीच राहू दिली, आणि परीक्षकांपैकी एकांनी त्यांचं फार कौतुक केलं.

मॅडमनी या वेळी चहा घेतलाच नाही. प्रत्येक चित्रासमोर त्या थांबल्या आणि शेवटच्यापाशी विचारलं, "बाकी सगळे जोडीनं, आणि हे एकटे का?"

"त्यांची जोडी घरी आहे," मी म्हटलं.

सुवार्ता त्या चित्रासमोर खूप वेळ उभी होती. तिला मी आधी काही सांगितलं नव्हतं, पण ती त्याच गावची, तिला सांगावं लागलंच नाही. "स्वेटर मीच घेतलेला," एवढंच ती म्हणाली आणि माझा हात घट्ट धरून उभी राहिली.

मी पास झाले. चांगल्या मार्कांनी झाले. बाबांनी त्या शाळेच्या जागेचा विषय अजून पुरता सोडलेला नाही, पण हल्ली तो दर फोनला निघत नाही. पाच चित्रं कॉलेजच्या गॅलरीत आहेत. सहावं माझ्याकडे आहे, आणि ते सरांचं आहे, त्यांना पोचवायला हवं. प्रदर्शन होऊन आता कितीतरी महिने झाले. सुवार्ता दोनदा गावी जाऊन आली. मी तिच्याबरोबर आंबापोळी पाठवली, मालवणी खाजं पाठवलं. चित्र काही पाठवलं नाही, आणि तिनंही मागितलं नाही.

परवा सरांचा फोन आला. तात्यांची मोटार पुन्हा जळाली, धोंडाबाईंच्या शेळीला दोन पिल्लं झाली, सगळं सांगून झालं. मग त्यांनी विचारलं, "आणि आमचं चित्र कधी पाठवतेस?"

"सर, रंग अजून वाळले नाहीत," मी म्हटलं.

 सर हसले.

"वाळू दे निवांत. खिळ्याला सध्या माझी कानटोपी टांगलेली आहे."